बॅटरीवरचा मोरचूद आणि जॉब कार्डावरची टिक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली, मिरज आणि कुपवाड या भागात एकच गाडी घेऊन, तिच्यावर स्वतःच चालक म्हणून बसून, बँकेचा हप्ता आणि घरखर्च भागवणारे माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत. मार्केट यार्डातली हळद आणि गूळ, तासगावचा बेदाणा, कारखान्यांची साखर असा माल आम्ही वाशीला, बंगळुरूला किंवा आंबा घाट उतरून कोकणात पोचवतो. या पत्राचा विषय वाचकांना किरकोळ वाटण्याची शक्यता आहे, कारण तो बॅटरीच्या टर्मिनलवर साचणाऱ्या पांढऱ्या-हिरव्या थराचा आहे. मात्र वॉरंटीतल्या गाडीवर हा थर दिसला की सगळे जण हात कसे वर करतात, आणि तो वेळेत पाहण्याची ज्यांची जबाबदारी होती ते कसे बाजूला राहतात, हे मी या वर्षी स्वतःच्या गाडीवर अनुभवले. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

माझी गाडी घेऊन १४ महिने झाले होते. तासगावहून बेदाणा भरून वाशीला गेलो, पहाटे माल उतरवला, गाडी गाळ्यासमोरून काढण्यासाठी सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला, तर आतून फक्त एकदा ‘टक्’ असा आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम मंद झाले. मागे रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. खाली उतरून बॅटरीच्या पेटीचे झाकण उघडले, तेव्हा एका बॅटरीचा पॉझिटिव्ह पोल दिसतच नव्हता. त्याच्यावर निळसर-हिरवी, ओलसर भुकटी मुठीएवढी साचली होती, तिच्या कडांना पांढरा पापुद्रा धरला होता, आणि खालच्या लोखंडी पट्टीचा रंग उडून तिथे गंजाची भोके पडू लागली होती. शेजारच्या गाडीचे कर्नाटकातले एक चालक आले. त्यांनी क्लॅम्प, म्हणजे पोलवर बसणारी केबलची पकड, हलवून पाहिला, तो हाताने गरगर फिरत होता. त्यांनी पडलेला थंड पेयाचा रिकामा डबा कापून त्याची बोटभर पट्टी काढली, ती पोल आणि क्लॅम्प यांच्या फटीत सरकवून वरून पाना आवळला, आणि गाडी सुरू झाली. त्यानंतर सांगलीपर्यंत मी इंजिन बंद केले नाही. शिरवळला जेवतानासुद्धा गाडी समोर चालू ठेवून, नजर तिच्यावर ठेवूनच दोन घास खाल्ले.

हा थर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. आमच्या लाइनीत त्याला ‘कार्बन धरला’ असे म्हणतात, पण त्याचा कार्बनशी काहीही संबंध नाही. बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेले गंधकाम्ल असते. चार्जिंग होताना, विशेषतः ते गरजेपेक्षा जास्त होताना, पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे वायू बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर आम्लाचे अतिसूक्ष्म तुषारही येतात. हे तुषार बुचांच्या छिद्रांतून किंवा पोलच्या बुडाशी असलेल्या सीलच्या फटीतून वर येतात आणि धातूवर बसतात. शिशावर त्यांचा पांढरा थर होतो. केबलच्या तांब्याशी त्यांची गाठ पडली की जो निळा-हिरवा पदार्थ तयार होतो तो कॉपर सल्फेट, म्हणजे आपला मोरचूद. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदारांना त्याची ओळख करून द्यायला नको. डाऊनी हा बुरशीचा रोग येऊ नये म्हणून चुन्याबरोबर कालवून बोर्डो मिश्रण करताना पोत्यातून काढतात तो हाच. बागेत तो औषध असतो. टर्मिनलवर मात्र तो वीज अडवतो.

किती अडवतो, याचा हिशेब कोणालाही करता येईल. मोठ्या डिझेल इंजिनाचा सेल्फ फिरताना काही शे अँपिअर विद्युतप्रवाह खेचतो. तो ३०० धरला आणि त्या थरामुळे जोडात अवघा एक शतांश ओहम रोध आला असे मानले, तर तेवढ्या एका जोडातच ३ व्होल्ट खर्ची पडतात. ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, आणि अशा चार पोलांपैकी दोन-तीन पोल खराब असले तर सेल्फपर्यंत पोचायला उरते तरी किती? म्हणूनच बॅटरी चांगली असूनही ‘बॅटरी उतरली’ असे वाटते आणि पुष्कळ लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. आताच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) गाड्यांत तर इंजिनाचा संगणक व्होल्टेज मध्येच खाली गेल्याचे पाहतो आणि भलत्याच सेन्सरचा दोष दाखवतो, त्यामुळे सैल क्लॅम्पपायी सेन्सर बदलल्याचीही उदाहरणे आमच्यात सांगितली जातात.

दुसऱ्या दिवशी गाडी वाहन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात नेली. त्यांचे नाव मी लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे आणि माझे म्हणणे त्या एका केंद्रापुरते नाही. तिथल्या सल्लागारांनी झाकण उघडून पाहिले, मोबाइलवर एक छायाचित्र काढले आणि जॉब कार्डावर, म्हणजे गाडीच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहिले, ‘टर्मिनल खराब, देखभालीचा अभाव, वॉरंटीत बसत नाही’. एवढे लिहीपर्यंत त्यांनी मीटर हातात घेतलेला नव्हता. पुढे त्यांनी सांगितले की बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी वाहन कंपनीची नसते, ती त्या त्या उत्पादकाची असते. हे खरे आहे आणि वॉरंटीच्या पुस्तिकेत तसे छापलेलेही असते. म्हणून मी बॅटरी कंपनीच्या वितरकाकडे गेलो. त्यांच्या तपासनिसांनी बुचे उघडून आत पाहिले, दोन्ही बॅटऱ्यांत प्लेटा पाण्याबाहेर उघड्या पडल्याचे दाखवले आणि सांगितले की बॅटरीत उत्पादनदोष नाही, गाडीचे चार्जिंग तपासून घ्या. चार्जिंगसाठी वीज तयार करणारा अल्टरनेटर वाहन कंपनीच्या वॉरंटीत येतो, म्हणून पुन्हा पहिल्या दारात. तिथे उत्तर मिळाले की बॅटरी खराब असल्यामुळे अल्टरनेटरची तपासणी ग्राह्य धरता येणार नाही, आधी चांगली बॅटरी लावून आणा. या दोन दारांमधल्या फेऱ्यांत आठ दिवस गेले, त्या आठ दिवसांतली दोन भाडी गेली आणि हप्त्याची तारीख मात्र जिथल्या तिथे राहिली.

आता मूळ मुद्दा. घरी आल्यावर मी फाइल काढून जुने कागद पाहिले. गाडीची तिसरी सर्व्हिसिंग याच केंद्रात या प्रकाराच्या तीन आठवडे आधी झाली होती. त्या जॉब कार्डाला जोडलेल्या तपासणीच्या यादीत ‘बॅटरी : पाण्याची पातळी, टर्मिनलची स्वच्छता व घट्टपणा’ अशी ओळ होती आणि तिच्यासमोर निळ्या शाईची टिक होती. दुसऱ्या सर्व्हिसिंगच्या यादीतही तशीच टिक, तीच शाई, आणि वरपासून खालपर्यंत सगळ्या चौकटींत एका झटक्यात ओढल्यासारखा तोच तिरका फराटा. या टिकेचे दोनच अर्थ होऊ शकतात. एक तर बॅटरी न पाहताच टिक केली. तसे असेल तर देखभालीचा अभाव कोणाचा, हे केंद्रानेच स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे. नाही तर बॅटरी खरोखर पाहिली, पाणी भरले, टर्मिनल स्वच्छ आणि घट्ट होते. तसे असेल तर तीन आठवड्यांत प्लेटा उघड्या पडण्याइतके पाणी आटणे आणि मूठभर मोरचूद साचणे ही साधी झीज नव्हे, गाडीतच काहीतरी बिघाड आहे आणि तो वॉरंटीच्या मुदतीत झालेला आहे. मी हे दोन्ही कागद समोर ठेवून हाच प्रश्न विचारला. उत्तर असे आले की ‘यादी सिस्टममधून येते’. टिक शाईच्या पेनाची होती, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले.

शेवटी मिरजेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ आहेत, दुकानात दोन बाकडी आणि बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारा एक जुना हायड्रोमीटर. त्यांनी आधी काहीच उघडले नाही. मला विचारले, ‘हेडलाइटचे बल्ब किती वेळा बदललेत?’ महिन्याभरात दोनदा बदलले होते आणि दोन्ही वेळा मी बल्बच्या कंपनीला नावे ठेवली होती. दुसरा प्रश्न, ‘थांबल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास येतो का?’ तोही येत होता, आणि मी तो रस्त्याकडेच्या गटाराचा समजत होतो. मग त्यांनी प्लेटा बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घातले, टर्मिनल साफ केले, बॅटऱ्या रात्रभर संथ चार्जिंगला लावल्या, दुसऱ्या दिवशी इंजिन मध्यम वेगात ठेवून दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांना मीटर लावला. २४ व्होल्टच्या गाडीत तिथे साधारण साडेसत्तावीस ते साडेअठ्ठावीस व्होल्ट दिसायला हवेत. मीटरवर ३०.४ होते. व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा अल्टरनेटरचा रेग्युलेटर ते आवरत नव्हता, बॅटऱ्या दिवसभर उकळत होत्या, पाणी वायू होऊन जात होते आणि आम्लाचे तुषार टर्मिनलवर मोरचुदाचे पीक काढत होते. म्हणजे सेवा केंद्राने जे रोगाचे कारण म्हणून लिहिले ते रोगाचे लक्षण होते, आणि ते ओळखायला लागलेला वेळ, बॅटरी चार्जिंगची रात्र सोडली तर, अर्ध्या तासाहून कमी होता.

इथे माझीही एक चूक कबूल केली पाहिजे. केबिनमधल्या छोट्या पंख्यासाठी आणि मोबाइलच्या चार्जरसाठी मी दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्टची वायर काढली होती. आमच्याकडे हे सर्रास चालते, ऊस हंगामात तर गाण्यांच्या पेट्यांसाठी काय काय जोडतात ते रस्त्यावर ऐकूच येते. पण ते चुकीचे आहे. अशा जोडणीत एक बॅटरी जास्त उतरते, चार्जिंगचा प्रवाह मात्र दोघींतून सारखाच जातो, त्यामुळे जिच्यावरून काही घेतलेले नाही ती आधी भरते आणि पुढे उकळत राहते. सेवा केंद्राने ही वायर पाहिल्यावर तीच कारण म्हणून पुढे केली. त्यावर इलेक्ट्रिशियन काकांचे म्हणणे मला पटले. वायरचा दोष असता तर एकाच बॅटरीचे पाणी आटले असते, इथे दोन्हींचे आटले होते, आणि वायर काढून ठेवल्यावरही मीटर ३०.४ वरच होता. तरीसुद्धा वॉरंटीच्या वादात समोरच्याच्या हाती काठी कशाला द्यायची? मी ती वायर काढून टाकली आहे आणि २४ व्होल्टचे १२ करणारा कन्व्हर्टर बसवला आहे. वाशीत लावलेली पत्र्याची पट्टीसुद्धा ‘बाहेरच्या माणसाची छेडछाड’ म्हणून नोंदवली गेली. मार्गावर अडकलेल्या गाडीचालकाने त्या वेळी दुसरे काय करायचे होते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

माझ्यासारख्या मालकासमोरचा पेच असा आहे की टर्मिनल साफ केले तर बिघाडाचा पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो, आणि साफ केले नाही तर निष्काळजीपणाचा शिक्का बसतो. यातून मार्ग एवढाच दिसतो की आधी तारीख आणि किलोमीटर दिसतील अशी छायाचित्रे काढावीत, त्यात बॅटरीचा क्रमांक आणि चारही पोल वेगवेगळे यावेत, आणि मगच साफसफाई करावी. त्यानंतर थर पुन्हा कुठे आणि किती दिवसांत येतो यावर नजर ठेवावी, कारण खरी माहिती तिथेच मिळते. एकाच पोलच्या बुडाशी पंधरा दिवसांत पुन्हा ओल दिसली तर त्या पोलचे सील गळते, आणि तो बॅटरी उत्पादकाचा प्रश्न आहे. सगळ्या खणांतले पाणी भराभर कमी होत असेल आणि दोन्ही बॅटऱ्यांवर थर येत असेल तर चार्जिंग तपासले पाहिजे. पाणी नुकतेच काठोकाठ भरल्यावर थर आला असेल तर आम्ल ओतून वर आलेले आहे, आणि तो दोष भरणाऱ्याचा. प्लेटांच्या वर साधारण बोटाची जाडी, म्हणजे १० ते १५ मिलिमीटर, एवढे पाणी पुरते. ते डिस्टिल्डच हवे. मिरज-वाळव्याच्या क्षारपड पट्ट्यातले बोअरचे पाणी बॅटरीत घालणे म्हणजे तिला मीठ पाजणे आहे, पण ढाब्यावर बाटली संपली की ते घालणारे लोक मी पाहिले आहेत.

साफ करण्याची पद्धतही लिहून ठेवतो, कारण उकळते पाणी किंवा थंड पेय ओतण्याची जी रीत चालते तिने थर जातो पण आम्ल चेसिसवर उतरते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो. इंजिन बंद करून चावी काढल्यावर काही मिनिटे थांबावे, कारण बीएस-६ गाड्यांत धूर स्वच्छ करण्यासाठी वापरतात त्या युरियाची लाइन रिकामी करणारा पंप त्यानंतरही थोडा वेळ चालतो, आणि त्याला अर्ध्यात वीज तोडणे चांगले नाही. हातातले कडे, अंगठी काढावी. आधी निगेटिव्ह केबल सुटी करावी, लावताना ती शेवटी लावावी, म्हणजे पाना चेसिसला लागून ठिणगी पडत नाही. हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो, त्यामुळे बिडी तोंडात धरून आत डोकावणाऱ्यांना हात जोडून विनंती करावीशी वाटते. बुचे घट्ट लावून, पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी थरावर सोडले की फसफसून फेस येतो. फेस थांबेपर्यंत पुन्हा सोडावे, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासावे, आणि साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. सोड्याचे पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये, कारण ते आतले आम्ल मारते. पोल आणि क्लॅम्प यांचे जुळणारे अंग चकचकीत झाल्यावर आधी आवळावे आणि नंतर वरून व्हॅसलिन लावावे. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवू नये, पोलचे सील तिथेच फुटते. डोळ्यात आम्ल उडाले तर चोळू नये, भरपूर पाण्याने धूत राहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. आमच्या पिढीतल्या जवळपास प्रत्येक चालकाच्या पँटला मांडीवर जी बारीक भोके दिसतात, ती बॅटरी उचलून नेल्याची असतात.

आणखी एक गोष्ट, जी जुने मेकॅनिक अजूनही करतात. चालू इंजिनवर टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनामो चांगला’ असे तपासणे. जुन्या गाड्यांत ते खपून जात असे. आताच्या अल्टरनेटरचा भार अचानक सुटला की व्होल्टेज क्षणात उसळते आणि इंजिनाचा संगणकच जळू शकतो. मग तो खर्च लाखाच्या घरात जातो आणि वॉरंटीही मिळत नाही, कारण चूक खरोखरच आपली असते.

आता कायद्याबद्दल थोडे. ‘ट्रक हे व्यापारी वाहन आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असे मला दोन ठिकाणी सांगण्यात आले, आणि आमच्यातले बहुतेक लोक हे ऐकून गप्प बसतात. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा ग्राहक नव्हे असे म्हटले आहे हे खरे, पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात, स्वयंरोजगारातून फक्त उपजीविका करण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू त्यातून वगळली आहे. जुन्या कायद्यातही अशीच तरतूद होती आणि तिचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रकचेच उदाहरण दिले आहे. स्वतः चालवून मालवाहतूक करण्यासाठी ट्रक घेणारा माणूस ग्राहक ठरतो, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले. पाच-दहा गाड्या घेऊन पगारी चालकांकरवी चालवणाऱ्या मालकांचा प्रश्न वेगळा आहे, हेही त्याच निकालातून दिसते. जिल्हा ग्राहक आयोगापुढे ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारी चालतात, ५ लाखांपर्यंत मोबदला असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करता येते. माझी नोंद मी केली आहे.

सेवा केंद्रांकडून माझी मागणी फार नाही. टर्मिनल खराब आहे म्हणून वॉरंटी नाकारण्याआधी तीन आकडे जॉब कार्डावर लिहावेत : इंजिन बंद असताना प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज, इंजिन चालू असताना चार्जिंगचे व्होल्टेज, आणि प्रत्येक खणातल्या आम्लाची हायड्रोमीटरवरची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता. बॅटरीची बुचे उघडता येत नसतील तर पहिले दोन पुरेत. सर्व्हिसिंगच्या यादीतही टिकेऐवजी आकडा लिहायला लावावा, कारण टिक न पाहता करता येते, ३०.४ हा आकडा मात्र मीटर लावल्याशिवाय सुचत नाही. वाहतूकदारांच्या संघटना टोल आणि डिझेलवर बोलतात, ते योग्यच आहे. त्यांनी कंपन्यांच्या स्थानिक प्रतिनिधींसमोर एवढी एक गोष्ट मांडली, तर पेठ नाक्यापासून मिरजेपर्यंतच्या पुष्कळ एका गाडीच्या मालकांची सोय होईल. आम्हीही पावती, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिसिंगचे कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात विड्यांच्या पुडीखाली न ठेवता घरी फाइलला लावायला हवेत. माझी फाइल होती ती बायकोमुळे, हे इथे नमूद करणे भाग आहे.

सध्याची स्थिती अशी आहे. मी लेखी पत्र दिल्यावर आणि त्याची पोच मागितल्यावर सेवा केंद्राने माझ्यासमोर मीटर लावला, ३०.३ व्होल्ट अशी नोंद केली आणि अल्टरनेटरचा रेग्युलेटर वॉरंटीत बदलून दिला. आता चार्जिंग २८.१ दाखवते, दर रविवारी झाकण उघडून पाहतो, आणि महिनाभरात व्हॅसलिनवर धुळीखेरीज काही बसलेले नाही. दोन्ही बॅटऱ्या मात्र प्लेटा उघड्या पडल्याने कामातून गेल्या. त्यांचे २५ हजारांच्या घरातले पैसे मी खिशातून भरले आहेत आणि ते परत मिळावेत एवढीच माझी तक्रार आता उरली आहे. बॅटरी कंपनी म्हणते, दोष चार्जिंगचा, आणि वाहन कंपनी म्हणते, बॅटरी आमच्या वॉरंटीत नाही. दोघांचीही पत्रे, तिन्ही जॉब कार्डे आणि वाशीत लावलेली ती थंड पेयाच्या डब्याची हिरवी पडलेली पट्टी, असे सगळे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी आयोगाच्या तारखेसाठी ठेवले आहे.

आपला,
एक ट्रकचालक-मालक
कुपवाड रस्ता, सांगली